तातडीने मदत हवी आहे: सायकलला कॅरियर बसत नाहीये (मनाली ते काझा)

तिरपं_हँडल
नमस्कार मंडळी, पुढच्या गुरुवारी निघायचंय आणि कॅरियर काही केल्या बसत नाहीये. दोन साइड बॅगा आधीच घेऊन ठेवल्यात, आता त्या लावायच्या कशाला? दुकानदार म्हणतो तुमच्या सायकलला बसणारच नाही, सीटखाली लावायची ती लांबुडकी बॅग घ्या. ती महाग आहे आणि तेवढ्यात माझं सामान मावत नाही. काझ्याकडे, हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात सायकलवर कोणी गेलंय का, तुम्ही काय लावलं होतं? लवकर सांगा प्लीज. आणि 'आधी शोधा' म्हणू नका, शोधून झालंय.

घाट_नंबर_दोन
सायकल कोणती? मागच्या एक्सलजवळ फ्रेमला आट्यांची भोकं आहेत का? ब्रेक डिस्क की साधे? 'बसत नाही' म्हणजे नक्की कुठे बसत नाही? एक फोटो टाका, म्हणजे अंदाजपंचे बोलायला नको.

गंजका_खिळा
दादा, एक सल्ला देऊ का? स्पितीला सायकल कशाला न्यायची, मोटारसायकलने जा. आम्ही ग्रामफूवरून आत शिरलो, तिथून बातलपर्यंत रस्ता असा नाहीच, नुसते गोटे आणि मधे मधे नाले. आमच्या एकाची गाडी नाल्यात बंद पडली, पाणी इतकं गार की पाच मिनिटांत पाय आहेत की नाहीत कळेना. सायकलवर काय हाल होतील.

तिरपं_हँडल
दादा नाही, ताई. आणि मोटारसायकलचा विषय नाहीये.
@घाट_नंबर_दोन हायब्रिड आहे, भोकं आहेत, पण डावीकडे कॅरियरचा पाय ब्रेकला आडवा येतो.

घाट_नंबर_दोन
म्हणजे डिस्क ब्रेक, आणि कॅलिपर (चकतीला आवळणारा ब्रेकचा चिमटा) फ्रेमच्या बाहेरच्या अंगाला. मग दुकानदाराला कळत नाहीये किंवा त्याला बॅग खपवायचीय. फ्रेम आणि कॅरियरचा पाय यांच्यामधे स्पेसर (जाड वॉशरसारखा तुकडा) घाला आणि तेवढा लांब बोल्ट घ्या, ५ मिमी जाडीचा लागतो. पाय बाहेर सरकला की कॅलिपर मोकळा. दोन्ही बाजूंना सारखाच स्पेसर घाला, नाहीतर कॅरियर तिरका बसेल.

हलकं_सामान
स्पेसरवाला जुगाड गावात ठीक आहे हो. लांब बोल्टवर सगळं वजन येतं आणि छोटा दरा, बातलच्या गोट्यांवर तो वाकतो नाहीतर तुटतो, आणि तुटला की अर्धा तुकडा फ्रेमच्या आट्यात अडकून बसतो, मग काढा तो उकरून. सीटबॅगच घ्या. मी सगळीकडे सीटबॅगच नेतो, आवाज नाही, खडखड नाही, सायकल उचलून नाला पार करता येतो. सामान मावत नाही याचा अर्थ सामान जास्त आहे.

घाट_नंबर_दोन
तुमची सीटबॅग खड्ड्यात शेपटीसारखी हलते ते नाही सांगितलंत. बोल्टची एवढी भीती असेल तर डिस्क ब्रेकसाठीच बनवलेलं कॅरियर मिळतं, त्याचे पाय मुळातच बाहेरून वळलेले असतात. पण ताईंकडे वेळ कुठे आहे. ताई, स्पेसर लावा, बोल्टला थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावा, जास्तीचे चार बोल्ट आणि मूठभर झिप टाय घ्या. आणि बॅग लावून पेडल मारून बघा, टाच बॅगेला लागत असेल तर बॅग मागे सरकवा.

कोरडा_खोकला
बॅगा बसतील हो. आधी सांगा, कुठल्या महिन्यात, एकट्या का, आणि रात्री कुठे कुठे झोपणार?

तिरपं_हँडल
प्रश्न बॅगांचा आहे. पण सांगते, गुरुवारी म्हणजे सप्टेंबरचा पहिला आठवडा. पहिल्या दिवशी मनालीहून छत्रू, दुसऱ्या दिवशी चंद्रताल, तिथे मैत्रीण भेटणार, मग कुंझुमची खिंड उतरून लोसर, काझा, की, किब्बर, चिचम, लांग्झा, हिक्कीम, कोमिक, परत काझा आणि तिथून बस. फिटनेस चांगला आहे, हाफ मॅरेथॉन पळते.

कोरडा_खोकला
हेच विचारत होतो. मनाली साधारण २,०५० मीटरवर, चंद्रताल ४,२५० च्या आसपास, म्हणजे दुसऱ्याच रात्री दोन हजार मीटर वर झोपणार तुम्ही. ३,००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीनचार दिवसांत एक मुक्काम जास्तीचा करावा, हा साधा नियम आहे. मॅरेथॉनचा त्याच्याशी काही संबंध नाही. उलट फिट माणूस भराभर वर जातो म्हणून त्याला विरळ हवेचा त्रास जास्त होतो. कुंझुम ४,५५१ मीटर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली असतो. रात्री डोकं ठणकतंय आणि मळमळतंय तर आणखी वर जायचं नाही. आणि चालताना तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. चंद्रतालहून रात्री खाली उतरायचं म्हणजे काय ते नकाशात बघा.

अर्धा_किलो_पेढे
उंचीच्या त्रासावरची गोळी, डायमॉक्स घ्या, विषय संपला. आमच्या ग्रुपमध्ये सगळे घेतात.

कोरडा_खोकला
विषय संपत नाही. शरीर सरावायला ती मदत करते, उडी मारायचा परवाना देत नाही. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून, पण आधी स्वतःच्या डॉक्टरला विचारून, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, ते तंबूत रात्री कळतं.

देवदार_१२
मी म्हणतो उलटं का नाही जात? सिमल्याकडून जा. रेकाँग पिओ २,२९०, पूह २,६६० च्या आसपास, नाको ३,६६०, ताबो ३,२८०, मग काझा. हळूहळू चढतं. शिवाय ताबोचा मठ वाटेत लागतो, ९९६ सालचा आहे, आतली भित्तिचित्रं बघायला टॉर्च न्या, फोटो काढू देत नाहीत. धनकरही बघून होतं. मनालीकडून जाऊन काझ्याहून परत फिरणं म्हणजे निम्मी स्पिती सोडून देणं.

घाट_नंबर_दोन
पूहला झोपून दुसऱ्या दिवशी नाकोला झोपलात तर तिथेही हजार मीटरची उडी आहेच. नाको ओलांडून खाली चांगोला झोपायचं. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला किन्नौरात पाऊस संपलेला नसतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये निगुलसरीला दरड कोसळली, तीत अख्खी बस गेली होती. स्पिती कोरडी आहे, पण तिथवर पोचायचा रस्ता कोरडा नाही.

अर्धा_किलो_पेढे
परमिट काढलं का? आणि प्रीपेड सिम चालत नाही तिकडे, पोस्टपेड करून घ्या.

देवदार_१२
दोन्ही चूक. इनर लाइन परमिट परदेशी लोकांना लागतं, भारतीयांना नाही, ओळखपत्र तेवढं जवळ ठेवा. प्रीपेडची अडचण जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये. हिमाचलात प्रीपेड चालतं, टॉवर असेल तिथे. ग्रामफू ते लोसर नेटवर्क धरूनच चालू नका, घरच्यांना तसं सांगून ठेवा.

तिरपं_हँडल
मनालीचं तिकीट काढून झालंय, सिमला वगैरे आता नाही. आणि मैत्रीण काझ्याहून गाडी घेऊन चंद्रतालला येतेय, त्यामुळे एकटी अशी नाहीये.

हलकं_सामान
गाडी???? मैत्रिणीची गाडी येतेय आणि तुम्ही बॅगांसाठी धागा काढलात? सगळं तिच्या गाडीत टाका की.

तिरपं_हँडल
गाडी काझ्याहून येतेय, मनालीहून नाही. तिथपर्यंतचं सामान मलाच न्यायचंय ना. वाचा जरा.

कोरडा_खोकला
मग भेट दोन दिवस पुढे ढकला आणि जागाही बदला. पहिल्या दोन रात्री सिस्सू किंवा कोकसरला काढा, दोन्ही ३,१०० च्या आसपास. सायकल मोकळी घेऊन थोडं वर जा, खाली येऊन झोपा. मग छत्रू, मग छोटा दरा किंवा बातल. बातलला बरं वाटत असेल तरच पुढे. मैत्रिणीला थेट बातलला बोलवा, बॅगा तिथे गाडीत टाका आणि कुंझुम रिकाम्या सायकलने चढा. चंद्रताल नंतर गाडीने करा. तलावाच्या काठावर तंबू लावायला तशीही बंदी आहे, कॅम्प अलीकडे लांब आहेत.

घाट_नंबर_दोन
हे सगळ्यात बरं. आणि नाले पहाटे पार करा. बर्फाचं पाणी आहे, ऊन चढेल तसं वाढतं, सकाळी घोट्याएवढं असलेलं दुपारी गुडघ्यापर्यंत येतं. साध्या चपला वेगळ्या ठेवा, बूट हँडलला टांगा. गियर काय आहेत? पुढचं सगळ्यात लहान आणि मागचं सगळ्यात मोठं दातेरी चक्र, त्यांचे दात मोजा.

तिरपं_हँडल
पुढे २८, मागेही २८. का?

घाट_नंबर_दोन
म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा. मिनिटाला साठ फेरे मारलेत तर ताशी पावणेआठ किलोमीटर. भरलेल्या सायकलने कुंझुमवर वेग त्याच्या निम्म्यावर येतो, म्हणजे मिनिटाला तीसपस्तीस फेरे, गुडघ्यांची वाट. मागे ३४ दातांची फ्रीव्हील (मागच्या दातेरी चक्रांचा संच) टाका, स्वस्तात होतं. फक्त मागचा डिरेलर (साखळी चक्रांवर सरकवणारा भाग) ३४ पेलतो का ते मेकॅनिकला बघायला सांगा आणि साखळी नवीन लांबीची घ्या.

हलकं_सामान
किंवा सामान कमी करा.

गंजका_खिळा
हिक्कीमच्या पोस्टातून कार्ड टाका हां, १९८३ सालचं पोस्ट आहे, ४,४०० मीटरवर. आमचं कार्ड आम्ही घरी पोचून बरेच दिवस झाल्यावर आलं.

मधलं_चाक
धागा वाचतेय. सायकल बसच्या टपावर बांधताना डिस्कला काही होत नाही ना? माझी चकती वाकली होती आणि मग सतत घासत राहिली.

घाट_नंबर_दोन
@मधलं_चाक चकतीची बाजू वर ठेवून आडवी करा, हायड्रॉलिक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मधे पुठ्ठा घाला. वाकलीच तर पान्याने हलकेच सरळ होते, घाई करू नका.

तिरपं_हँडल
अपडेट. दुसऱ्या दुकानात गेले, त्याने स्पेसर घालून दहा मिनिटांत कॅरियर बसवला. टाच लागत होती, बॅगा मागे घेतल्या. फ्रीव्हील उद्या बदलतेय, डिरेलर चालेल म्हणाला. मैत्रीण बातलला यायला तयार आहे पण रविवारच्या ऐवजी मंगळवारी, त्यामुळे कोकसरला दोन रात्री होतातच. डॉक्टरांकडे शनिवारी जाते. आता एवढंच सांगा, ब्रेकपॅड जास्तीचे किती घेऊ? मेकॅनिकल डिस्क आहे.

घाट_नंबर_दोन
दोन्ही चाकांसाठी एकेक जोड, आणि एक ब्रेक केबल. पॅड तुमच्याच कॅलिपरचे घ्या, आकार वेगळा असला तर ते तिथे नुसते खिशात राहतील. मेटलचे मिळाले तर उत्तम, उताराला टिकतात. मात्र आधी चकतीवर काय लिहिलंय ते वाचा, काही चकत्या फक्त रेझिन पॅडसाठी असतात.