कूलर लावला की शिंका, बुरशीची अ‍ॅलर्जी

प्रश्न: टेस्टमध्ये बुरशीची अ‍ॅलर्जी निघाली. सोलापूरची हवा एवढी कोरडी, तरी कूलर लावला की शिंका सुरू. काय करावं?

उत्तर १: हवा कोरडी, पण कूलरचं गवत ओलंच राहतं ना! दर उन्हाळ्याआधी गवत बदला, आठवड्याला टाकी रिकामी करून घासा. बंद करताना आधी पंप थांबवा, नुसता पंखा २० मिनिटं चालू द्या, गवत वाळतं. खिडकी उघडी हवीच, नाहीतर दमट हवा खोलीतच कोंडते.

उत्तर २: सप्टेंबरच्या पावसात भिंतीही बघा. आधी गळती काढा, मग रंग. ओलीवर मारलेल्या रंगाला पोपडे धरतात.

उत्तर ३: भिंतीवरचे बुरशीचे डाग कोरडे खरवडू नका, बीजाणू (बुरशीचे बारीक कण) उडतात. एन-९५ मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसा, शक्यतो दुसऱ्याकडून. पुसायला ब्लीच वापरलंत तर त्यात अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.