एका वेळी चार कामं: आवड कुणाची, सोय कुणाची?

कामाचा_ढीग:
नोकरीच्या जाहिरातीत 'मल्टिटास्किंग जमायला हवं' अशी ओळ असते. माणसाच्या मनःस्वास्थ्यासाठी ती काढून टाकावी असं माझं मत. डोकं लावायची दोन कामं एकत्र होतच नाहीत, आपण फक्त इकडून तिकडे उड्या मारतो. संशोधक सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं की काम बदललं तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. पहिलं काम अर्धवट सुटलं असेल तर जास्तच.

आता साधा हिशोब. तीन कामं, प्रत्येक तीन दिवसांचं. ओळीने केली तर तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या दिवशी हातावेगळी होतात. रोज एक याप्रमाणे आलटून पालटून केली तर सातव्या, आठव्या आणि नवव्या दिवशी. सरासरी 6 दिवसांची 8 झाली, आणि यात उड्या मारण्याचा खर्च धरलेलाच नाही. तिसऱ्या कामाची वाट बघणाऱ्याला काडीचा फायदा नाही, पहिल्या दोघांना मात्र विनाकारण ताटकळत ठेवलं.

तिरपी_ओळ:
हिशोब बरोबर, पण कागदावरचा. त्यात कुठलंच काम कुणासाठी अडत नाही. प्रत्यक्षात पहिलं काम दुसऱ्या दिवशी मंजुरीला जातं आणि तिथेच बसतं. तेव्हा दुसरं हातात न घेणारा माणूस काय करणार, भिंतीकडे बघत बसणार?

दुसरं म्हणजे, माणसं सारखी नसतात. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी एकेक काम ओळीने करणारे आणि अनेक कामं एकत्र चालवणारे असा भेद करून दुसऱ्या प्रकारासाठी 'पॉलिक्रोनिक' हा शब्द रूढ केला. 1999 मध्ये संशोधक ब्लूडॉर्न आणि सहकाऱ्यांनी हा कल मोजायला 10 विधानांची प्रश्नावली तयार केली. असा कल असलेल्याला चार तास एकाच फाइलवर बसवलं तर तोही वैतागतोच. त्याच्या मनःस्वास्थ्याचं काय?

उलटतपासणी:
@तिरपी_ओळ, आवड आणि जमणं यांची गल्लत होतेय. 2013 मध्ये मानसशास्त्रज्ञ सॅनबोनमात्सू, स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांना आढळलं की जास्त मल्टिटास्किंग करणारे प्रत्यक्ष चाचणीत बहुधा कमी पडतात, आणि स्वतःला मात्र सरासरीपेक्षा वरचढ समजतात. त्याआधी 2010 मध्ये वॉटसन आणि स्ट्रेयर यांनी 200 जणांना गाडीच्या सिम्युलेटरवर बसवून फोनवरून स्मरणाची आणि गणिताची कामं दिली. दोन्हीकडे घसरण झाली नाही असे निघाले 2.5 टक्के. म्हणजे पाच जण.

तिरपी_ओळ:
ऑफिसात कुणी ब्रेक दाबत बसत नाही हो. मेल आणि एक्सेल यांच्यामध्ये दोन मिनिटं गेली म्हणून कुणाचा अपघात होत नाही. संशोधक ग्लोरिया मार्क यांच्या 2008 च्या प्रयोगात व्यत्यय आलेल्यांनी काम *लवकर* संपवलं होतं, हेही सांगा की.

उलटतपासणी:
सांगतो, पण पुढची ओळही वाचा. व्यत्ययांत जेमतेम 20 मिनिटं काम केल्यावर त्याच लोकांनी ताण, वैताग आणि वेळेचं दडपण जास्त असल्याचं नोंदवलं. वेग वाढतो, त्याची किंमत माणूस मोजतो. हा धागा त्याच किंमतीबद्दल आहे.

रोस्टरवाली:
दोघांचंही थोडं चुकतंय. किती कामं हा प्रश्न दुय्यम आहे, उडी कोण मारायला लावतं ते बघा. संशोधक कॅरासेक यांचं कामाच्या ताणाचं 1979 चं मॉडेल हेच सांगतं: कामाची मागणी जास्त आणि ते कसं करायचं यावर हातात नियंत्रण कमी, की ताण सर्वात वाईट.

चॅट सपोर्टचं उदाहरण घ्या. सिस्टीममध्ये एका एजंटला एकाच वेळी तीन चॅट असं सेटिंग असतं. तिन्ही ग्राहक एकदम टाइप करू लागले की ठरावीक चूक होते: एकाचा ऑर्डर नंबर दुसऱ्याच्या खिडकीत पेस्ट. कारण क्लिपबोर्ड एकच आणि तिन्ही खिडक्या दिसायला सारख्या. नवीन माणसाला दोनच चॅट द्या, पाठवण्याआधी खिडकीवरचं नाव वाचायची सवय लावा, चॅट संपल्यावर नोंद करायला 2 मिनिटं राखून ठेवा. आणि 'मला अजून एक झेपतंय' असं म्हणून तिसरा चॅट घ्यायचं बटण एजंटच्याच हातात ठेवा. तेच तीन चॅट, पण ताण वेगळा.

फाइलवर बसणाऱ्यांसाठी: उठण्याआधी एक ओळ लिहा. 'ओळ 47 पर्यंत टाकलं, 48 ची रक्कम बिलाशी जुळत नाही, आधी ती बघायची.' नुसतं 'चालू आहे' लिहून उपयोग नाही. परत आल्यावर 46 आणि 47 दोनदा चढतात आणि महिनाअखेरीला फरक शोधत बसावं लागतं. लरॉय आणि ग्लोम यांनी 2018 मध्ये अशा 'परत आल्यावर इथून' टिपणाचा फायदा तपासून दाखवला आहे.

कामाचा_ढीग:
टिपण पटलं. पण समोर उभं राहून 'एक मिनिट' म्हणणाऱ्या साहेबासमोर ओळ कोण लिहीत बसणार?

रोस्टरवाली:
टिपणाला 20 सेकंद लागतात. साहेबाला तेवढं थांबता येत नसेल तर अडचण टिपणाची नाही. आधी दोन आठवडे मोजा: कामातून उठलात की कागदावर 'आ' (आपणहून) किंवा 'ला' (लादलेलं). दिवसअखेरीला 'ला' जास्त निघाले तर तो कागद घेऊनच बोला.

तिरपी_ओळ:
हे चालेल. मग प्रश्नावलीही भरून घ्या, म्हणजे ज्याला जसं आवडतं तसं काम देता येईल.

उलटतपासणी:
इथेच फसगत आहे. 'अनेक कामं आवडतात' वर टिक करणाऱ्याच्या गळ्यात सोडून गेलेल्याचं टेबल पडतं आणि 'एकेक आवडतं' म्हणणारा अप्रेझलमध्ये 'लवचिक नाही' ठरतो. भरून घ्यायचीच असेल तर ती मॅनेजरच्या हातात जाता कामा नये. नाव न घालता, टीमच्या बेरजेपुरती.

तिरपी_ओळ:
नावच नसेल तर कुणाला कोणतं काम द्यायचं ते कसं कळणार? विचारावंच लागेल ना. फक्त कामं वाटताना विचारा, अप्रेझलच्या महिन्यात नको.