अनुभव धागा: मोठ्या गाडीचं ॲव्हरेज कसं वाढवलंत?

आमची सात सीटर डिझेल, 2021 ची, 62 हजार किमी झालेत. पुणे-कोल्हापूर आरामात साडेचौदा द्यायची, गेले दोन महिने बारावर आलीये. सासूबाईंच्या उपचारासाठी महिन्यातून तीनदा जावं लागतं, घरात सहाजण, त्यामुळे छोटी गाडी घ्या असं कृपया सांगू नका. तुम्ही स्वतः काय केलंत आणि किती फरक पडला तेवढं लिहा. आणि आकडा स्क्रीनवरचा नको, फुल टू फुलचा हवा: नोजल कट होईपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्य, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच भरून किमी भागिले लिटर. आमचा स्क्रीन कायम एकाने तरी जास्त दाखवतो.

---

आम्ही दरवर्षी गणपतीला ठाण्याहून राजापूरला जातो, वर कॅरिअर आणि त्यावर ताडपत्री बांधलेलं सामान. परत आल्यावर कॅरिअर काढायचा कंटाळा म्हणून तो थेट मे महिन्यापर्यंत तसाच रिकामा टपावर. यंदा काढला आणि हायवेला लिटरमागे जवळजवळ एक किमी वाढला. रिकामा असला तरी वारा अडवतोच तो, आता बोल्ट काढून माळ्यावर टाकलाय.

---

ताई, वेग बघा आधी. समृद्धीवर नागपूर-शिर्डी, 520 किमी, जाताना 115 ने गेलो तर 12.1 मिळालं, येताना बाबांना चक्कर येत होती म्हणून डावीकडच्या लेनमधून 90 ने आलो, तीच गाडी तीच माणसं, 15.3! वेळ सव्वा तास जास्त लागला. वेग दीडपट झाला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, आणि आपल्या उंच चौकोनी गाड्यांना तो जास्तच लागतो. त्या रस्त्यावर 120 ची परवानगी आहे म्हणून 120 ने जायलाच पाहिजे असं काही नाही.

आणखी एक, टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना चेक करा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर फुल लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो, सहाजण आणि सामान असेल तर तोच भरा. कमी हवेने टायर तापतो, ॲव्हरेज राहू दे, फुटला तर काय.

---

घाटात उतरताना न्यूट्रल करणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका करू. माझे काका आयुष्यभर करायचे आणि मीही शिकलो तेच. पण आताच्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल बंदच करतात, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जातं आणि सगळा भार ब्रेकवर. एकदा आंबा घाट उतरताना ब्रेक तापून पेडल खाली गेलं होतं, मुलं मागे बसलेली. तेव्हापासून तिसरा गिअर.

---

बीएस 6 डिझेल असेल आणि रोज शाळा-भाजी-ऑफिस असं चार-चार किमी फिरत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ व्हायला गाडी जादा डिझेल जाळते, मधेच बंद केली की पुढच्या वेळी परत पहिल्यापासून. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेला न्यायला लागल्यापासून शहरात 9 वरून 10.5 आलंय.

---

माझं सेम झालं होतं, हळूहळू नाही, एकदम उतरलं. सर्व्हिस केली, फिल्टर बदलले, अलाइनमेंट केलं, काही नाही. शेवटी गल्लीतल्या मेकॅनिकने चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली तर मागचं डावं जड. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) चिकटलेला, म्हणजे गाडी ब्रेक लावूनच पळत होती! घरी बघायचं असेल तर 15-20 किमी चालवून, शेवटी ब्रेक फार न मारता थांबा आणि रिमजवळ हात नेऊन बघा, धरू नका, भाजतं. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथेच घोळ.

---

धागा मीच काढलाय. वरचं वाचून कात्रजपर्यंत जाऊन आले. तीन चाकं कोमट, पुढच्या उजव्या चाकाजवळ हातसुद्धा नेववेना, वास पण येत होता. उद्या सकाळी नऊला गॅरेजला सोडतेय, शुक्रवारचं कोल्हापूर एसटीने करू. दुरुस्ती झाल्यावर दोन टाक्या मोजून आकडा इथेच टाकते.