चाच्यांची गोष्ट लिहिताना इतिहास किती पाळायचा?

शिडाला भोक:
दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितोय. 1695 साली हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं गंज-ए-सवाई जहाज लुटलं, मोखाहून सुरतेला परत येणारं, हाजी आणि व्यापाऱ्यांचा पैसा भरलेलं, त्याच्यावर. मित्राला वाचायला दिली तर त्याने लाल पेनाने पार रंगवून परत केली. जहाजाला चाक का, काळ्या झेंड्यावर कवटी का, कैद्याला फळीवरून समुद्रात का चालवलंस, कप्तान काडेपेटीने पाइप कसा पेटवतो. काडेपेटीचं मान्य, ती 1826 ची, लाज वाटली मला. पण बाकीचं? अहो चाचा म्हटलं की लोकांना चाक, कवटी आणि फळीच हवी असते, ते काढलं तर उरतं काय, घामट माणसं आणि किडे पडलेली बिस्किटं! गोष्ट पळाली पाहिजे, बस. बोला.

खारवलेला:
मित्राला आधी चहा पाजा. चाक आलं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी मोठ्या जहाजावर सुकाणूच्या आडव्या दांड्याला एक उभा दांडा जोडलेला असायचा आणि तो धरणारा माणूस डेकच्या खाली उभा, त्याला समोरचा समुद्र जवळजवळ दिसायचाच नाही, वरून ओरडून सांगतील तसं ढकलायचं. आता लढाई चालू आहे, वर तोफा, धूर, बोंबाबोंब, आणि खाली या बिचाऱ्याला हुकूमच ऐकू येत नाहीये. असा सीन फुकट मिळतोय आणि तुम्ही चाक घेऊन बसलाय.

उगाच_बोलते:
सीन भारी आहे, पण तो दांडा समजावून सांगायला अख्खा परिच्छेद जाणार त्याचं काय? 'त्याने चाक फिरवलं' तीन शब्दांत काम झालं. मी लोकलमध्ये उभ्याने वाचते, मला सुकाणूचा आकार नकोय, पुढे कोण मरतंय ते हवंय. आणि ती फळी खरी नव्हती म्हणता, बरं नव्हती, पण मजा येते ना.

वरसोलीचा_पोर:
चाक राहू दे रे बाबा. महिना कुठला घेतलायस ते सांग आधी.

शिडाला भोक:
डिसेंबर. थंडी, धुकं, वातावरणनिर्मिती.

वरसोलीचा_पोर:
😂 मेलास. डिसेंबरात वारा ईशान्येकडून असतो, म्हणजे मोखाहून सुरतेला येणाऱ्याच्या तोंडावर. नैऋत्येचा वारा धरून पावसाच्या शेवटी यायची ती जहाजं, म्हणून तर एव्हरी ऑगस्टात तांबड्या समुद्राच्या तोंडाशी बाब-अल-मंदबला दबा धरून बसला होता. आणि तरी ताफा रात्रीत गुपचूप निसटला, मग हे लागले मागे, आधी फतेह मुहम्मद नावाचं जहाज गाठलं आणि सप्टेंबरात गंज-ए-सवाई. आमचे बाबा होडी काढायच्या आधी घरातून बाहेर येऊन नुसते उभे राहायचे, गालावर वारा घ्यायचे, मग ठरवायचे. तुझा कप्तान काय भिंतीवरचं कॅलेंडर बघून निघाला का? कवटीचा झेंडा चुकला तर मी हसून पुढे जाईन, वारा चुकला तर पुस्तक मिटणार.

निशिगंधा_के:
एक विचारते. कथेत शहजादी आहे का? आणि एव्हरी तिच्या प्रेमात पडतो का?

शिडाला भोक:
...हो. पण ती दंतकथा माझी नाही, इंग्लंडात तेव्हापासूनच चालत आलीये, त्याने बादशहाच्या नातीशी लग्न केलं वगैरे.

निशिगंधा_के:
मग तुमचा मित्र चुकीच्या जागी लाल पेन चालवत बसला. त्या जहाजावर काही दिवस मारहाण आणि बलात्कार चालले होते. मुघल इतिहासकार खाफी खान लिहितो की काही बायकांनी समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी खंजीर मारून घेतला. त्याच जागेवर तुम्ही चांदण्यात प्रेमप्रकरण मांडणार, आणि वर गोष्ट पळाली पाहिजे म्हणणार. चाक चुकणं ही चूक आहे हो, हे चूक नाही, हे त्या लुटारूंच्याच बाजूने खोटं बोलणं आहे. दंतकथा जुनी आहे म्हणून काय झालं, कोणाच्या सोयीची आहे ते बघा ना.

उगाच_बोलते:
ताई, मुद्दा पटला, पण खाफी खान तरी कुठे जहाजावर होता? त्यानेही ऐकूनच लिहिलं. सगळंच ऐकीव असेल तर लेखकानेच काय पाप केलंय?

निशिगंधा_के:
ऐकीव आहे, पण पकडलेल्या काही खलाशांच्या कबुल्यांतही अत्याचार येतातच. आणि खाफी खान ऐकीव म्हणून टाकून द्यायचा तर त्याचा तो इब्राहिम खानही जाईल. जहाजाचा नाखुदा, म्हणजे कप्तान, लढाईत तळघरात पळाला आणि मोखात विकत घेतलेल्या तुर्की मुलींच्या डोक्याला फेटे बांधून, हातात तलवारी देऊन त्यांनाच वर लढायला ढकलू लागला. ही मुलगी घ्या तुमची नायिका! फेटा सुटतोय, तलवार धड धरता येत नाहीये. तुमच्या शहजादीपेक्षा दहापट जिवंत आहे ती.

खारवलेला:
+1. आणि कवटीचा झेंडा म्हणाल तर काळ्यावर कवटी-हाडं याची पहिली धड नोंद 1700 ची, इमॅन्युएल विन नावाच्या फ्रेंच चाच्याची. नेटवर एव्हरीचा म्हणून रुमाल बांधलेली कवटी फिरते तिला त्याच्या काळातला पुरावा नाही.

राजकोटचा_बुरूज:
मी म्हणतो शेवटी कान्होजी आंग्रे येऊन एव्हरीला पकडतात असं करा. टाळ्या पडतील.

वरसोलीचा_पोर:
टाळ्या पडतील पण 1695 ला कान्होजींना अजून सरखेली, म्हणजे आरमारप्रमुखपद, मिळायची होती. शिवाय त्यांना या गोष्टीत आणलंस की कोणीतरी त्यांनाही चाच्यांच्या रांगेत बसवणार, इंग्रज तेच करायचे. आंग्रे दस्तक मागायचे, नसेल तर जहाज धरायचे, पोर्तुगीज आपला परवाना मागायचे तेव्हा तो कायदा, आंग्र्यांनी मागितला की चाचेगिरी. तो वेगळा धागा काढ, मी येतो भांडायला.

उगाच_बोलते:
बरं, वारा आणि शहजादी दिली तुम्हाला. चाक मी सोडत नाही.

शिडाला भोक:
काल रात्री बसून डिसेंबर काढला, सप्टेंबर केला, पाऊस सरत आलेला. शहजादी गेली, दोन प्रकरणं गेली तिच्यासोबत, अंकाला द्यायला आता नऊ दिवस आहेत आणि फेटेवाल्या मुलीला अजून नावसुद्धा नाही. फळी काढली. चाक आहे अजून. @खारवलेला, त्या उभ्या दांड्याला मराठीत काय म्हणायचं?

खारवलेला:
दांडा म्हणा. धरणारा जाणतो.