भाडं कायम उशिरा देणारा भाडेकरू: अटी बदलल्यात का कुणी? अनुभव सांगा

आमचा भाडेकरू माणूस म्हणून चांगलाय, घर लख्ख ठेवतो, पण भाडं ५ तारखेला कधीच येत नाही आणि दर वेळी मेसेज मीच करायचा. करार २ महिन्यांत संपतोय. अटी बदलायच्यात पण त्याला घालवायचं नाहीये. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, भाडेकरूंनीही लिहा प्लीज.

---

मी भाडं आलं की डायरीत तारीख लिहून ठेवायचे. एकदा चिडून मागची पानं चाळली तर ११, १२, ११, १३, १२... तेव्हा ट्यूब पेटली, विचारलं तर पगारच १० ला होतो म्हणाली! नव्या करारात तारीख १२ केली. जुन्या आणि नव्या तारखेच्या मधल्या दिवसांचं भाडं वेगळं काढून २ हप्त्यांत घेतलं. त्यानंतर एकदाही आठवण करावी लागली नाही.

---

दंडाबद्दल सांगतो. दिवसाला ठरावीक रक्कम लावली, तर झालं उलटंच, आधी संकोच तरी वाटायचा, आता "दंड भरतोय ना" म्हणून आणखी उशीर. शेवटी दंड काढला आणि बँकेतून भाडं आपोआप वळतं होईल अशी सोय करून घेतली.

---

मी भाडेकरू. माझं काम फ्रीलान्स, पैसे कधी येतील नेम नाही. घरमालक काकांचा फोन वाजला की पोटात गोळा यायचा, उचलायचेच नाही, आणि तेच जास्त चुकलं. एकदा खरं सांगितलं तर त्यांनी भाडं महिन्यातून दोनदा अर्धं अर्धं केलं आणि करारातही तसंच लिहिलं. एवढं मोठं ओझं उतरलं की काय सांगू.

---

कृपया हे सगळं लेखी करा. मी २ वर्षं उशिराचं भाडं मुकाट घेतलं आणि एक दिवस एकदम घर सोडायची नोटीस पाठवायला निघालो. वकील म्हणाले थांबा, इतके महिने तुम्ही हरकतच घेतली नाही, तो म्हणेल हीच पद्धत ठरली होती. आधी लेखी कळवा की अमुक महिन्यापासून करारातलीच तारीख पाळायची, मग पुढचं. चालू कराराच्या मधेच आपल्या मनाने अट बदलता येत नाही, दोघांची सही लागते, हेही तेव्हाच कळलं. आणि पावतीवर भाडं कुठल्या महिन्याचं ते लिहा, नाहीतर थकबाकीच्या हिशोबावरून वाद होतात, आमचे झालेत.

---

आमच्याकडे काहीच चाललं नाही. तारीख बदलली, हप्ते दिले, पण पगार झाला की आधी बाकीचं सगळं आणि उरलं तर भाडं. वाईट वाटलं पण करार रिन्यू नाही केला. जाताना थकलेलं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं, त्यात ते सगळं संपलं, बाथरूमच्या फुटलेल्या टाइल्स आम्हीच खिशातून बसवल्या.