मदत हवी आहे : 'चार्लीज एंजल्स'ची गंमत मराठीत कोणत्या शब्दात सांगावी?

नमस्कार. १९७६ ते १९८१ या काळात अमेरिकेत गाजलेल्या 'चार्लीज एंजल्स' या तीन महिला गुप्तहेरांच्या मालिकेवरून २००० साली आलेल्या चित्रपटावर मी टिपण लिहीत आहे आणि एका शब्दापाशी अडलो आहे. मुद्दाम अतिशयोक्ती करून, पण प्रेमाने गंमत आणण्याच्या त्याच्या शैलीला इंग्रजीत 'कॅम्प' म्हणतात. 'भडक' म्हटले की दोष दिल्यासारखे होते, 'अतिरंजित' कोरडे वाटते, आणि 'विडंबन' तर चुकीचेच, कारण हा चित्रपट मालिकेची टर उडवत नाही. त्याचा तिच्यावर मनापासून जीव आहे. मालिकेत चार्लीला, म्हणजे समोर न येता स्पीकरवरून नायिकांना कामगिरी सांगणाऱ्या त्यांच्या मालकाला, आवाज देणारे जॉन फोर्सिथ यांचाच आवाज चित्रपटातही स्पीकरमधून ऐकू येतो, ही जपणूक मला फार मोलाची वाटते.

सुरुवातीचा विमानातला प्रसंग आठवून पाहा. जुन्या मालिकेवरून काढलेला आणखी एक चित्रपट समोर लागलेला पाहून एक प्रवासी कुरकुरतो, आणि पुढे त्याच प्रवाशाचा मुखवटा उतरतो तेव्हा आतून तीन नायिकांपैकी एक, ड्र्यू बॅरीमोर, निघते. आपल्यावर होऊ शकणारा आक्षेप चित्रपटाने आधीच बोलून दाखवल्यामुळे प्रेक्षक सैलावतो आणि मग हवेत तरंगत मारलेल्या अशक्य लाथाही त्याला खटकत नाहीत, असे माझे मत आहे.

हे कारण आपल्याला पटते का? मूळ मालिका न पाहिलेल्यांनाही हीच मजा आली का? आणि 'कॅम्प'साठी चपखल मराठी शब्द कोणाला सुचतो का? कृपया सविस्तर सांगावे.