जीएनएमवर (नर्सिंगच्या डिप्लोमावर) ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी मिळते का?

प्रश्न (सिडको, नाशिक): जीएनएम आहे, महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची नोंदणी चालू आहे. बीएस्सी लागतेच का? सुरुवात कशाने करू?

उत्तर: बीएस्सीची अट नाही, ताई. आधी इंग्रजी उरका; अनेक जणी लेखनातच अडकतात. ओईटीमध्ये (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा) ऐकणं, वाचन, बोलणं यांत बी आणि लेखनात सी प्लस हवं. त्याऐवजी आयईएलटीएस अकॅडमिक ही इंग्रजी परीक्षा दिलीत तर बाकी तिन्हींत ७, लेखनात ६.५. ओईटीच्या लेखनात पत्र लिहायचं असतं; त्यात केस नोट्स (रुग्णाच्या दिलेल्या नोंदी) जशाच्या तशा उतरवू नका, त्यानेच गुण जातात. पत्र ज्याला जाणार त्याला रुग्णाबद्दल काय लागेल, तेवढंच निवडा.

उत्तर: मग सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा, ती भारतातच देता येते. भाग अ आकडेमोडीचा, १५ प्रश्न. भाग ब १०० प्रश्नांचा. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम आणि सलाइनचे थेंब रोज सोडवा. दशांशचिन्ह चुकलं की डोस दहापट होतो. शेवटची ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, १० स्टेशनची (टप्प्यांची), मात्र ब्रिटनमध्येच होते.

उत्तर: लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर पासपोर्ट आणि काउन्सिलची नोंदणी आत्ताच जुळवून घ्या. आणि नोकरी लावून देण्याचे पैसे नर्सकडून घेणं ब्रिटनच्या भरती-नियमांत बसत नाही. एजंटने मागितले तर तिथूनच परत फिरा.